खुर्ची आणि खेळ

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या समारंभात केलेले भाषण)



आपल्या मंडळाची रीतच आहे की, वर्धापनदिनाला एक पाहुणी बोलते आणि मागाहून एक घरची बोलते. पाहुण्या बाईंचे अभ्यासपूर्ण भाषण आपण आताच ऐकले. आता घरचीची पाळी. मी सातवीपर्यंत शिकलेली, चूल-मूल सांभाळणारी बाई. तेव्हा माझ्याकडून मोठ्या शब्दांची अपेक्षा करू नये. चिटणीस बाईंनी विषय विचारला, तेव्हा मी म्हटले, "खुर्ची." त्या म्हणाल्या, "निवडणुकीवर बोलणार की काय?" मी म्हटले, "नाही हो, ज्या खुर्चीवर आपण बसतो, तिच्यावर."

माझी धाकटी मुलगी घरातल्या वस्तूंची घडण कशी करावी, याचे शिक्षण घेते. संध्याकाळी मी भाजी निवडत असले की ती तिच्या पुस्तकांतली चित्रे मला दाखवते आणि त्यांची हकिकत सांगते. त्यातली एका फिनलंडच्या गृहस्थांची हकिकत माझ्या मनात घर करून राहिली. त्यांचे नाव एरो आर्निओ. १९३२ साली हेलसिंकी शहरात त्यांचा जन्म झाला, आणि तिथेच त्यांनी कारागिरीचे शिक्षण घेतले. १९६२ साली त्यांनी स्वतःचे कामाचे ठिकाण थाटले.

फिनलंड हा देश लांब उत्तरेला आहे. हिवाळ्यात बर्फच बर्फ, आणि दिवस एवढासा. जंगल मात्र उदंड. त्यामुळे तिथले सामानसुमान लाकडाचे. आर्निओंच्या आधीच्या पिढीत आल्वार आल्टो नावाचे मोठे वास्तुशिल्पकार होऊन गेले. त्यांनी बर्च झाडाच्या लाकडाचे पातळ थर एकावर एक चिकटवून, ते वाकवून फार सुरेख खुर्च्या केल्या. अशा देशात खुर्ची म्हटली की लाकूडच डोळ्यांपुढे येणार. आर्निओंनीही आधी वेताची विणलेली स्टुले केली. पण मग त्यांना प्लास्टिकने भुरळ घातली. का, तर लाकडाला स्वतःचा स्वभाव असतो. ते रेषेने चिरते, काही मर्यादेपर्यंत वाकते, पुढे मोडते. प्लास्टिकला तसा हट्ट नाही. ज्या साच्यात घालाल त्या साच्याचे ते होते. मग कारागिराच्या मनात येते, साचा माझ्या हातात आहे, तर खुर्चीला चार पाय आणि एक पाठ हवीच, असे कोणी सांगितले?

भगिनींनो, हा प्रश्न लहान मुलाचा आहे. मोठी माणसे असले प्रश्न विचारत नाहीत. आपण त्याला पोरखेळ म्हणतो. आर्निओ मात्र तो खेळ मनापासून खेळले, आणि तो कसा खेळले तेच मला आपल्याला सांगायचे आहे.

त्यांची पहिली प्रसिद्ध खुर्ची १९६३ सालची. तिचे नाव चेंडूखुर्ची. नावाप्रमाणेच एक मोठा पोकळ चेंडू, त्याची एक बाजू कापून काढलेली, आतून मऊ गादी, आणि खाली एक पाय. त्या पायावर ती गर्रकन फिरते. उंची सुमारे १२० सेंटिमीटर. आत बसले की तीन बाजूंनी भिंत आणि समोर उघडे. बाहेरचा आवाज आत येता येता मंद होतो. म्हणजे खुर्ची नव्हेच, खोलीतली एक लहानशी खोली म्हणा ना!

ही त्यांनी कोणासाठी केली? कोणा राजासाठी नव्हे, आपल्या स्वतःच्या घरासाठी केली. नव्या घरात बसायला मोठी खुर्ची नव्हती, म्हणून. आणि तिचे माप कसे घेतले, ते ऐका. घरात सर्वांत मोठा देह नवऱ्याचा. म्हणून आर्निओ खुर्चीत बसल्यासारखे बसून दाखवू लागले, आणि त्यांच्या पत्नी पिरक्को बाईंनी त्यांचे डोके कुठून कुठे जाते, त्याची रेघ भिंतीवर ओढली. त्या रेघेवरून चेंडूची उंची ठरली. शिवाय चेंडू घराच्या दारातून आत-बाहेर जायला हवा, याचाही विचार केला. ही हकिकत ऐकून मी मुलीला म्हटले, "माप नवऱ्याचे, पण रेघ बायकोची!" आपल्या संसारातही असेच असते, नाही का? शेल्याची चर्चा होते, टीप कोणी घातली ते कोणी विचारीत नाही. पण या हकिकतीत स्वतः आर्निओंनीच पत्नीची ती रेघ सांगितली, हे मला आवडले.

आता ती केली कशी? यात तर आपल्याला काहीच परके नाही. आपल्या आज्या रद्दी कागद भिजवून, त्यात मेथ्या वाटून घालून लगदा करीत. मग पातेले पालथे घालून त्यावर तो थापीत. वाळला की पातेले काढून घेत, आणि टोपली तयार! आर्निओंनी पहिली चेंडूखुर्ची जवळजवळ याच बेताने केली. पातळ लाकडी फळ्यांचा गोल सांगाडा केला, त्यावर ओला कागद बसवला, आणि त्या कागदावर काचेच्या तंतूंचे कापड चिकट राळेत भिजवून थर चढवले. विनाइंजिनाच्या विमानाचे अंग करतात, त्याच तत्त्वावर. राळ कडक झाली, वरून घासून गुळगुळीत केली, आतला सांगाडा काढून टाकला, गादी बसवली, पाय लावला. झाली खुर्ची. आत त्यांनी एक लाल टेलिफोनही बसवून घेतला होता. म्हणजे बसल्या जागी बोलण्याची सोय! पुढे १९६६ साली जर्मनीतल्या कोलोन शहरी सामानाचे मोठे प्रदर्शन भरले. आस्को नावाच्या फिनलंडच्या कंपनीने तिथे ही खुर्ची मांडली, आणि पाहणाऱ्यांनी तोंडात बोटे घातली. वर्तमानपत्रांनी तिची चित्रे छापली, आणि एका रात्रीत तिचे नाव झाले.

इथे थोडे थांबून प्लास्टिकची एक गोष्ट सांगते, कारण आपण सगळ्याच प्लास्टिकला एकाच मापाने मोजतो. प्लास्टिक मुख्यतः दोन स्वभावांचे. एक मेणासारखे. तापवले की वितळते, थंड झाले की घट्ट होते, पुन्हा तापवले की पुन्हा वितळते. दुसरे भाकरीसारखे. एकदा भाजली की भाजली, तिचे पुन्हा पीठ होत नाही. चेंडूखुर्चीची ती काचतंतूंची राळ भाकरीच्या जातीची. मजबूत खरी, पण हाताने थर चढवावे लागतात, वेळ लागतो, मजुरी लागते, आणि जुनी झाली तरी वितळवून दुसरे काही करता येत नाही. म्हणूनच ही खुर्ची महाग. सामान्य संसाराच्या आवाक्यातली ती कधीच नव्हती.

पुढे १९६७ साली त्यांनी गोळीखुर्ची केली. लहानपणी आपण चघळत असू तशी चपटी गोल गोळी, आणि वर बसायला खोलगट जागा. तिला पायच नाहीत! ती जमिनीवरच टेकते आणि डुलते. आपल्या डोलखुर्चीची ही नव्या काळची नात. ही उन्हाळ्यात तळ्यात टाकली तर तरंगते, आणि हिवाळ्यात बर्फाच्या उतारावर सोडली तर घसरगाडीसारखी घसरते. सांगा, सागवानी खुर्ची तळ्यात टाकायचे कोणाच्या मनात आले असते? या गोळीखुर्चीला १९६८ साली अमेरिकेतल्या गृहसजावटकारांच्या संस्थेने बक्षीस दिले. म्हणजे खेळाला मोठ्यांनी मान दिला.

त्याच १९६८ साली त्यांचा बुडबुडा आला. चेंडूखुर्चीत एकच उणीव होती, आत उजेड कमी. वाचायचे तर पंचाईत. तेव्हा आर्निओंच्या मनात आले, चेंडूच पारदर्शक केला तर? चोहोकडून उजेड येईल. त्यासाठी अ‍ॅक्रिलिक नावाचे काचेसारखे प्लास्टिक घ्यायचे, तापवून मऊ करायचे आणि हवेने फुगवायचे. अगदी साबणाचा फुगा फुगवतात तसे. छपरात उजेडासाठी घुमटासारखी पारदर्शक झाकणे बसवतात, ती अशीच फुगवून करतात, हे त्यांना ठाऊक होते. म्हणून ते त्या कारखानदाराकडे गेले आणि विचारले, "अर्ध्या गोलापेक्षा मोठा फुगा फुगवता येईल का?" त्याने होकार दिला. मग पोलादाची एक कडी केली, फुगा फुगवला, आत उशा टाकल्या. आता पाय कसा लावायचा? पारदर्शक पाय काही केल्या शोभेना. तेव्हा त्यांनी पाय लावलाच नाही, खुर्ची साखळीने छताला टांगली! आपल्या माजघरातला झोपाळा जसा कड्यांना टांगलेला, तशीच. नवी वस्तू म्हणतात, पण झोक्याची हौस जुनीच.

१९७१ साली त्यांनी तीन गोल जोडून टोमॅटो नावाची खुर्ची केली. १९७३ साली एक मऊ घोडा केला, मोठ्या माणसांनी बसायचा. त्यावर समोर तोंड करून बसावे, नाहीतर एका बाजूला पाय सोडून बसावे. त्यांचे म्हणणे असे की, बसायची वस्तू खुर्चीसारखी दिसलीच पाहिजे, असे नाही. अंगाला सुख झाले म्हणजे पुरे. पण त्याच १९७३ साली जगात खनिज तेलाची टंचाई झाली. प्लास्टिक तेलापासून होते, तेव्हा त्याचे भाव वाढले, आणि प्लास्टिकच्या सामानाची ती पहिली हौस ओसरली. आर्निओंच्या खुर्च्याही मागे पडल्या. पुष्कळ वर्षांनी त्या पुन्हा बनू लागल्या, त्या आता नामांकित वस्तू म्हणून.

त्यांनी खेळ मात्र सोडला नाही. वयाची सत्तरी ओलांडल्यावर त्यांनी इटलीच्या माजिस कंपनीसाठी लहान मुलांकरिता एक कुत्र्याचे पिल्लू केले. ते २००५ साली बाजारात आले. डोके गोल, पाय जाड, अंग गुळगुळीत. मुलांनी त्यावर बसावे, नाहीतर त्याला दोरी बांधून फिरवावे, जशी मर्जी. हे मात्र मेणाच्या जातीच्या प्लास्टिकचे. पोकळ साच्यात प्लास्टिकची भुकटी घालतात, साचा भट्टीत तापवतात आणि सर्व अंगांनी फिरवत राहतात. भुकटी वितळून साच्याच्या आतल्या अंगाला सारखी बसते. मोदकाच्या साच्यात आपण उकड आतल्या अंगाने लावतो आणि मध्ये पोकळी ठेवतो, तसेच. आपल्या गच्चीवरची काळी पाण्याची टाकी याच रीतीने बनते. म्हणजे ते पिल्लू आणि आपली टाकी ही एकाच जातीची भावंडे!

आता तुम्ही म्हणाल, "बाई, हे सर्व मौजेचे खरे, पण फिनलंडच्या चेंडूशी आमचा काय संबंध?" तेच आता सांगते.

मी २००१ साली लग्न होऊन सासरी आले. खेड्यातले घर. ओसरीवर एक लाकडी आरामखुर्ची, ती मामंजींची. आणखी दोन लाकडी खुर्च्या, त्या आल्या-गेल्या पुरुष माणसांच्या. बायकांना बसू नका असे कोणी म्हटले नव्हते. पण बसतही कोणी नसे. आम्ही पाटावर, उंबऱ्यावर, जात्याच्या कडेला, जिथे जागा उरेल तिथे. सासूबाईंचे गुडघे दुखत, तरी त्या भिंतीला धरून उठत आणि धरून बसत. पुढे एका दिवाळीत धाकट्या दिरांनी तालुक्याहून चार प्लास्टिकच्या खुर्च्या आणल्या. चारी सारख्या, एका हाताने उचलता येतील इतक्या हलक्या. त्यांतली मामंजींची कोणती, हे ठरवताच येईना! दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाईंनी एक उचलली, परसात प्राजक्ताखाली नेली आणि तिच्यावर बसून शेंगा सोलल्या. कोणी काही बोलले नाही. बोलणार काय? त्या खुर्चीवर कोणाचा हक्कच लागला नव्हता.

ही आपली साधी खुर्ची आर्निओंनी केलेली नाही, हे मी स्पष्ट सांगते. तिची वाट वेगळी. इटलीच्या जूलियो नात्ता यांनी १९५४ साली पॉलिप्रॉपिलीन हे मेणाच्या जातीचे, स्वस्त आणि चिवट प्लास्टिक सिद्ध केले. १९६३ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. त्याच साली इंग्लंडात रॉबिन डे यांची त्या प्लास्टिकची बैठक असलेली खुर्ची विकायला आली. डेन्मार्कच्या व्हर्नर पँटन यांची सबंध एका तुकड्याची, मागच्या पायांवाचून उभी राहणारी खुर्ची १९६७ साली कारखान्यात होऊ लागली. आणि १९७२ साली फ्रान्सच्या आंरी मासोने यांनी एकाच साच्यातून, दोन मिनिटांच्या आत निघणारी हातांची खुर्ची केली. आपल्या मंडळाच्या दिवाणखान्यात एकावर एक रचून ठेवलेल्या खुर्च्या तिच्याच वंशातल्या.

म्हणजे एकाच काळात दोन गोष्टी चालल्या होत्या. एकीकडे प्लास्टिक स्वस्त कसे करावे, याची धडपड. दुसरीकडे प्लास्टिकने माणसाला बसायची नवी तऱ्हा कशी द्यावी, याचा खेळ. स्वस्ताई फिरत फिरत आपल्या दारी आली. खेळ मात्र श्रीमंतांच्या घरी राहिला. भगिनींनो, माझे म्हणणे एवढेच की, स्वस्त खुर्ची आपल्याकडे आली आहे, पण तिच्यात निवांत बसायची मोकळीक अजून यायची आहे.

चेंडूखुर्चीचे खरे मर्म काय? घरात राहूनही घटकाभर एकांत. मुलीने मला त्या काळची चित्रे दाखवली. त्यांत चेंडूत कोण बसलेले? सडपातळ, नटलेल्या मुली, शोभेपुरत्या बसवलेल्या. मांडीवर शेंगांचे सूप घेतलेली बाई मला एकाही चित्रात दिसली नाही. पण तिची गरज कोणाला असेल तर ती त्या शेंगा सोलणाऱ्या बाईलाच! आपल्यापैकी किती जणींच्या घरी स्वतःची बसायची जागा आहे? मुलाच्या अभ्यासाचे टेबल असते, यजमानांची वर्तमानपत्राची खुर्ची असते, देवांनासुद्धा देव्हारा असतो. गृहिणीला सगळे घर तिचे म्हणतात, आणि एक कोपरा तिचा नसतो.

म्हणून मी दोन सूचना करते. एक आपल्या प्रत्येकीसाठी. घरात एक जागा ठरवा. खिडकीशी, गच्चीच्या दाराशी, कुठेही. साधी प्लास्टिकची खुर्ची चालेल. दिवसातून अर्धा तास तिथे बसा, आणि हातात निवडायची भाजी घेऊ नका. वाचा, गाणे ऐका, नुसते आभाळ बघा. घरच्यांना पहिले चार दिवस नवल वाटेल, मग सवय होईल.

दुसरी सूचना आपल्या बालवाडीसाठी. यंदा वर्धापनदिनाच्या निधीतून मुलांना बसायला सामान घ्यायचे ठरत आहे. काहींचे मत लाकडी बाक पक्के बसवावेत, म्हणजे मुले हलणार नाहीत. माझी विनंती, मुलांना उचलता येतील, ओढता येतील, उलट्या घालून आगगाडी आणि घर करता येतील, अशा हलक्या लहान खुर्च्या घ्याव्यात. १९६४ साली इटलीत मार्को झानुसो आणि रिखार्ट झापर या दोघांनी मुलांसाठी अशीच प्लास्टिकची खुर्ची केली होती. ती एकावर एक रचता येते आणि मुलांचे खेळणेही होते. जे मूल खुर्ची उलटी घालून बघते, तेच उद्या प्रश्न विचारते. हलू नको म्हणून शिकवलेले मूल पुढे मोठेपणीही जागचे हलत नाही. आपणच बघा ना आपल्याकडे!

जाता जाता चार व्यवहाराच्या गोष्टी. प्लास्टिकची खुर्ची कायम उन्हात ठेवू नये. ऊन तिला ठिसूळ करते, आणि मग ती अचानक तडकते. गुळगुळीत फरशीवर हलक्या खुर्चीवर उभे राहून माळ्यावरचे डबे काढू नयेत. तिचे पाय पसरतात आणि आपण पडतो. मोडलेली खुर्ची जाळू नये. तिचा धूर विषारी. बैठकीच्या खालच्या बाजूला त्रिकोणात पाचाचा आकडा असेल तर ती पॉलिप्रॉपिलीनची, म्हणजे मेणाच्या जातीची. ती भंगारवाल्याला द्यावी, वितळून तिचे पुन्हा काही होते. २०१८ साली आपल्या राज्यात प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आली, ती एकदा वापरून फेकण्याच्या सवयीमुळे. वस्तू जपून वापरली, वीस वर्षे टिकवली, तर दोष वस्तूचा राहत नाही.

पोरखेळ हा शब्द आपण मुलांना रागावताना वापरतो. यापुढे तो वापरताना एका क्षणाचा विचार करा. भिंतीवर रेघ ओढणारी एक बाई आणि खुर्चीवाचून बसायचे सोंग करणारा तिचा नवरा, यांचा तो पोरखेळच होता. पण त्यातून जगाला कळले की, बसायला शंभर तऱ्हा असू शकतात. तशी आपल्यालाही आपली तऱ्हा शोधता येईल.